सांकेतिक ताब्यातला लिलावाचा फ्लॅट घेऊ का? आधी आत कोण आहे आणि कुठल्या हक्काने आहे ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घोडबंदर रोडला बँकेच्या लिलावात २ बीएचके निघालाय, बाजारभाव ९५ लाखांच्या आसपास, रिझर्व्ह प्राइस (लिलावाची किमान बोली) ६८ लाख, जाहिरातीत ताब्याच्या रकान्यात "सांकेतिक" लिहिलंय. आत एक कुटुंब राहतं, ते म्हणतात आम्ही भाडेकरू आहोत, आमच्याकडे ॲग्रीमेंट आहे. एजंट म्हणतो तुम्ही पैसे भरा, सेल सर्टिफिकेट (बँकेचा विक्रीचा दाखला) हातात आलं की कुलूप बदलून टाकू, माणसं आहेत आपली. आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की गावाकडे साठेखतावर (विक्रीच्या करारावर) ताब्यासकट जमीन मिळतेय, पैसे तिकडे टाकू का.

मी वकिली करतो, ठाणे-मुंबई पट्ट्यात बँकांकडून पण आणि लिलावात घेणाऱ्यांकडून पण ही कामं बघतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, लिलावाच्या फ्लॅटची किंमत एरिया, मजला, पार्किंग यावर नंतर ठरते, आधी ठरते ती आत कोण बसलाय आणि तो कुठल्या हक्काने बसलाय यावर. हे न बघता "२७ लाख स्वस्त मिळतोय" म्हणून बिड लावणारे लोक मी सतत बघतो आणि त्यातले बरेच जण दोन वर्षं ईएमआय भरतायत, स्वतः भाड्याच्या घरात राहतायत आणि आपल्याच फ्लॅटच्या मेंटेनन्सची नोटीस सोसायटीकडून घेतायत.

सांकेतिक ताबा म्हणजे नेमकं काय झालेलं असतं ते बघा. सरफेसी हा २००२ चा कायदा, दिवाणी कोर्टात न जाता बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा. कर्ज थकलं, एनपीए (थकीत खातं) झालं की बँक कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस देते, पैसे आले नाहीत की १३(४) खाली ताबा घेते, आणि बहुतेक वेळा हा ताबा म्हणजे दारावर ताबा सूचना चिकटवायची, फोटो काढायचा आणि दोन पेपरात, त्यातला एक स्थानिक भाषेतला, जाहिरात द्यायची. एवढंच. आतला माणूस तिथेच, त्याचा गॅस चालू, त्याची मुलं त्याच पत्त्यावरून शाळेत जातात. कायद्याने बँकेला एवढ्यावर लिलाव करता येतो, पण तुम्हाला जे मिळतं त्यात चावी नसते. चावी मिळवायची तर कलम १४ खाली अर्ज करावा लागतो, मुंबईत चीफ मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेटकडे, बाकी जिल्ह्यात कलेक्टरकडे किंवा चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटकडे. कायद्यात ऑर्डरला ३० दिवस दिलेत, कारणं नोंदवून एकूण ६० पर्यंत, पण सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की ही मुदत बंधनकारक नाही, म्हणजे उशीर झाला तरी अधिकार संपत नाही, त्यामुळे ६० दिवसांवर भरवसा ठेवून कुणी प्लॅनिंग करू नये. ऑर्डर झाल्यावर पुन्हा अंमलबजावणी, तहसीलदारांची तारीख, पोलीस बंदोबस्ताची तारीख, त्यात निवडणूक किंवा गणपती आले की बंदोबस्त मिळत नाही, तारीख पुढे.

आता एक चांगली गोष्ट. बरेच जण विचारतात की लिलाव झाल्यावर, सर्टिफिकेट दिल्यावर बँकेचं काम संपलं, आता कलम १४ ला कोण जाणार. याचं उत्तर गोव्यातल्या केसमध्ये मिळालेलं आहे. तिथलं पार्क हयात हॉटेल आयटीसीने २०१५ च्या लिलावात ५१५ कोटींना घेतलं, ताबा सांकेतिकच होता, कर्जदार कंपनीने पुढे हाच मुद्दा काढला की विक्री झाल्यावर आता कलम १४ चा अर्ज चालत नाही. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालतो, प्रत्यक्ष ताबा मिळवून घेणाऱ्याच्या हातात देईपर्यंत धनको म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेची भूमिका संपत नाही. तेव्हा बँकेचा अधिकारी जर तुम्हाला म्हणाला की सर्टिफिकेट दिलं आता ताब्याचं तुमचं तुम्ही बघा, तर ऐकून गप्प बसू नका. पण हेही बघा की आयटीसीसारख्या कंपनीला २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं लागली.

दुसरी केस नवी मुंबईतली, एमआयडीसीची जागा. लिलावात घेणाऱ्याने पूर्ण पैसे भरले, मग कर्जदाराने हायकोर्टात जाऊन मी जास्त पैसे भरतो म्हणून मालमत्ता सोडवून घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि सांगितलं की २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्ज फेडून मालमत्ता सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की संपतो. घेणाऱ्यांसाठी हा फार मोठा आधार आहे. पण जिंकल्यावरही ताबा मिळेना, मधल्या काळात जागेचे हक्क तिसऱ्याकडे गेलेले, परत अवमान याचिका, आणि ताबा द्या हा आदेश यायला डिसेंबर २०२४ उजाडला. कोर्टात शंभर टक्के बरोबर असणं आणि हातात चावी असणं यात एवढं अंतर पडू शकतं.

आता तुमच्या "भाडेकरू"कडे येऊ, कारण सगळा खेळ तिथे आहे. सरसकट उत्तर नाही, कागद बघावा लागतो. तो खरंच कर्ज घ्यायच्या आधीपासूनचा भाडेकरू असेल, पावत्या असतील, लाइट बिल त्याच्या नावावर असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे आणि सरफेसी आहे म्हणून त्याला उचलून बाहेर टाकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ आणि २०१६ मध्ये मुंबईतून गेलेल्या प्रकरणांतच हे सांगितलंय. मग २०१९ मध्ये त्याला बांध घातला, की नुसतं तोंडी "मी भाडेकरू आहे" म्हणून चालणार नाही, पुरावा पाहिजे, आणि रजिस्टर न केलेल्या कागदावर वर्षानुवर्षं बसता येणार नाही. कर्ज घेतल्यानंतर घरात भाडेकरू ठेवला असेल तर गहाणखतात काय अट आहे ते बघायचं, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५अ ने गहाण ठेवणाऱ्याला भाड्याने द्यायची मुभा आहे पण घराच्या बाबतीत जास्तीत जास्त तीन वर्षं आणि बाजारभावाच्या भाड्याने. आणि १३(२) च्या नोटिशीनंतर भाडेकरू घुसवला असेल तर १३(१३) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते चालतच नाही. डीआरटी (कर्जवसुली न्यायाधिकरण) पण २०१६ पासून कलम १७(४अ) खाली भाडेकरूचा दावा याच कसोट्यांवर तपासते, मुदत संपली का, ६५अ मध्ये बसतं का, गहाणखताच्या अटींविरुद्ध आहे का, १३(२) नंतरचं आहे का.

म्हणून सगळ्यात आधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहा, १३(२) च्या नोटिशीची आणि ॲग्रीमेंटच्या नोंदणीची. १३(२) ची तारीख जाहिरातीतच मिळते. ॲग्रीमेंटची तारीख नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढून बघा, आतला माणूस दाखवतोय त्या झेरॉक्सवर जाऊ नका. स्टॅम्प पेपरची तारीख जुनी आणि नोटरीचा शिक्का नवीन असे कागद मी खूप बघितलेत. आणि ते लीज आहे का लीव्ह अँड लायसन्स ते वाचा, आपल्याकडे ११ महिन्यांची वगैरे जी ॲग्रीमेंट होतात ती बहुतेक लायसन्स असतात, लायसन्सने जागेत हक्क तयार होत नाही आणि सुखाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मालकी बदलली की नवीन मालकावर ते आपोआप बंधनकारक राहत नाही. तुमचा माणूस लायसन्सवाला निघाला तर निम्मी काळजी गेली. पागडीवाला किंवा जुना भाडेकरू निघाला तर मी तुमच्या जागी बिडच लावणार नाही, किंमत कितीही पाडलेली असो.

एजंटच्या कुलूप बदलायच्या आयडियाबद्दल. हे करायचं नाही. मी बँकेच्या बाजूने असतो तेव्हापण हेच सांगतो आणि घेणाऱ्याच्या बाजूने असतो तेव्हापण. एक तर घरात राहणारं कुटुंब आहे, त्यात कर्ज बुडवणारा कदाचित नसेलच, त्यांना गुंड पाठवून बाहेर काढणं हे माणूस म्हणूनच चूक आहे. आणि कायदा पण तुमच्या विरोधात जातो. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ६ असं आहे की कुणालाही कायद्याच्या मार्गाशिवाय ताब्यातून काढलं तर तो सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न कोर्ट बघतच नाही, तुमचं सेल सर्टिफिकेट तिथे कामाला येत नाही. वर घरात घुसल्याची पोलीस कंप्लेंट, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९. म्हणजे ज्या माणसाकडे काही हक्क नव्हता त्याला तुम्ही स्वतःच्या हाताने एक मजबूत केस देऊन बसता.

प्रत्यक्ष ताबा नीट घेतला जातो तेव्हा तो कसा दिसतो ते सांगतो म्हणजे फरक कळेल. कल्याणकडच्या एका फ्लॅटचं काम होतं, नायब तहसीलदार, दोन पोलीस, त्यात एक महिला पोलीस, बँकेचे प्राधिकृत अधिकारी, दोन पंच, कुलूपवाला आणि व्हिडिओवाला. आधी तारखेची नोटीस दारावर लागलेली. आत कर्जदाराची आई आणि सून. पहिला तासभर नुसतं बोलण्यात गेला, तो जाऊ द्यायचा असतो, घाई करायची नाही. मग एकेका खोलीत सामानाची यादी, कपाट १, देव्हारा १, गॅस सिलिंडर २, शिलाई मशीन १, बंद पेटी १ आत काय ते उघडून लिहिलं, कारण फ्लॅट गहाण होता, सामान गहाण नव्हतं, त्यातलं एक भांडं जरी हरवलं तरी जबाबदारी येते. आजींची औषधं, नातवाची पुस्तकं, रेशन कार्ड आधी वेगळं करून त्यांच्या हातात दिलं. सामान टेम्पोत भरून त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर पोचवलं, तशी सही घेतली. मग पंचनामा, मीटर रीडिंगचा फोटो, बँकेचं कुलूप, सील. लिलावात घेणारा माणूस त्या दिवशी तिथे नव्हता, मीच येऊ नका म्हटलं होतं. बँकेने नंतर ताबा पावती करून चावी त्याला दिली. या पंचनाम्यावर नंतर कुणी कोर्टात बोट ठेवू शकत नाही. कोर्टाकडून वकील कमिशनर नेमूनही हे काम होतं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिलीय.

आता पैशाचा हिशोब, कारण गुंतवणूक म्हणून घेताय. समजा ७० लाखाला लागला. २५ टक्के म्हणजे १७.५ लाख, ईएमडी (बोलीआधी भरायची अनामत) धरून, त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले ५२.५ लाख विक्री कन्फर्म झाल्यावर १५ दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवली तर जास्तीत जास्त तीन महिने. नाही भरले तर २५ टक्के जप्त होतात, आणि जप्ती बरोबर आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये परत एकदा सांगितलंय, तेव्हा लोन होईल बघू म्हणून बिड लावू नका, सांकेतिक ताब्यावर लोन द्यायला बऱ्याच बँका तयार होत नाहीत. ठाण्यात पुरुषाच्या नावावर ७ टक्के धरले तर स्टॅम्प ड्युटी ४.९ लाख, नोंदणी ३० हजार. पैसे ९ टक्क्यांचे धरले तर वर्षाला ६.३ लाख व्याज, दोन वर्षं ताबा लांबला की १२.६ लाख. इथेच ८७.८ लाख झाले. सोसायटीची जुनी थकबाकी अडीच लाख धरा, वकील-बंदोबस्त-सामान हलवणं दीड लाख, रिपेअर तीन लाख, कारण जाणारा माणूस घर सांभाळून जात नाही. ९४.८ लाख. वर दोन वर्षांचा चालू मेंटेनन्स. म्हणजे बाजारभावाने शेजारच्या बिल्डिंगमध्ये रिकामा फ्लॅट घेतला असता तर पहिल्या महिन्यापासून भाडं चालू झालं असतं. हाच फ्लॅट प्रत्यक्ष ताब्यात असता तर ७० ला उत्तम सौदा होता. शिवाय किंमत ५० लाखांच्या वर आहे तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा, तो किंमतीतूनच जातो पण लोक विसरतात आणि नंतर इन्कम टॅक्सची नोटीस येते.

थकबाकीवरून आठवलं, "जसे आहे जेथे आहे" या शब्दांना कुणी किरकोळ समजू नका. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजेच्या बिलाबाबत सांगितलंय की अशा अटीवर घेतलं तर आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवीन कनेक्शन देणार नाही अशी अट वीज कंपनी घालू शकते. सोसायटीचं पण तेच होतं व्यवहारात, थकबाकी भरल्याशिवाय शेअर सर्टिफिकेट हलत नाही. तेव्हा सेक्रेटरीला भेटा, लेखी आकडा घ्या. ट्रान्सफर प्रीमियम मात्र २५ हजारांच्या वर मागितला तर देऊ नका, "डेव्हलपमेंट फंड" वगैरे नाव देऊन मागतात, ते बेकायदेशीर आहे. सेक्रेटरीकडे गेलात की अजून एक फायदा, आत कोण कधीपासून राहतंय हे वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आणि सोसायटीत दिलेल्या भाडेकरूच्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये असतं. बनावट ॲग्रीमेंट तिथेच उघडं पडतं.

बँकेला बिडच्या आधी लेखी मेल करा, फोनवर नको. कलम १४ चा अर्ज केलाय का, ऑर्डर झालीय का, ऑर्डरची कॉपी द्या. कर्जदाराने किंवा भाडेकरूने डीआरटीत कलम १७ खाली अर्ज केलाय का, स्टे आहे का. हे डीआरटीच्या वेबसाइटवर कर्जदाराच्या नावाने तुम्हाला स्वतःलाही बघता येतं, बघाच. कलम १७ च्या अर्जासाठी त्यांच्याकडे ताबा सूचनेपासून ४५ दिवस असतात. सेरसाईवर (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत) गहाण नोंदवलेलं आहे का तेही बघा, कारण विक्रीकराचा वगैरे बोजा असेल तर कुणाचा हक्क आधी यावर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने बँकेच्या बाजूने दिलेला निकाल या नोंदणीवर उभा आहे. बिड लागली तर त्याच आठवड्यात डीआरटीत कॅव्हेट टाका, सरफेसीतच १८सी कलम आहे त्यासाठी, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे होणार नाही.

आणि एक मार्ग लोक लाजून वापरत नाहीत, समोर जाऊन बोलणं. बँकेच्या अधिकाऱ्याला सोबत घेऊन जा, धमकी नको. भाडेकरूचं डिपॉझिट बुडालेलं असतं, खरी चिंता बहुतेक वेळा तीच असते. तीन-चार लाख डिपॉझिट आणि शिफ्टिंगचा खर्च तुम्ही दिलात आणि तो दोन महिन्यांत निघाला तर वरच्या हिशोबात तुम्ही कितीतरी पुढे आहात. फक्त लेखी करा, भाडेकरू हक्क सोडल्याचं स्पष्ट लिहा, केस चालू असेल तर कोर्टात कन्सेंट टर्म्स भरा, आणि चेक रिकामं घर बघून, चावी हातात घेऊन मगच द्या. आधी अर्धे दिलेत की उरलेल्या अर्ध्याची किंमत वाढते.

पुढे तो फ्लॅट भाड्याने द्याल तेव्हा लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर केल्याशिवाय चावी देऊ नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावर आहे, केलं नाही तर अटींबद्दल समोरचा म्हणेल ते ग्राह्य धरतात. आणि केलं असेल तर कलम २४ खाली मुदत संपल्यावर न निघणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं.

गावच्या जमिनीचं थोडक्यात. नुसत्या साठेखताने मालकी येत नाही, रजिस्टर खरेदीखतानेच येते, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये पॉवर ऑफ ॲटर्नीवरच्या विक्रीबद्दल हे स्पष्ट केलंय. ताब्यासकट साठेखत असेल तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताएवढीच स्टॅम्प ड्युटी लागते, आणि २००१ नंतर ते रजिस्टर नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चं ताब्याचं संरक्षणही मिळत नाही. म्हणजे ड्युटी पूर्ण भरायची आणि मालक व्हायचं नाही, यात तुमचा फायदा कुठे? विकणारा खरेदीखत का करत नाही हे विचारा, उत्तर बहुतेक सातबाऱ्यावरच असतं, वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, इतर हक्कात कूळ, बहिणींची नावं, किंवा तुम्ही शेतकरी नाही म्हणून कूळ कायद्याचं कलम ६३. गोव्यात घेत असाल तर मुंडकार (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात राहणारा) आहे का ते पहिलं बघा, १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढता येत नाही.

तर घोडबंदरच्या फ्लॅटसाठी, कलम १४ ची ऑर्डर झालेली असेल, डीआरटीत स्टे नसेल आणि आतला माणूस लायसन्सवाला किंवा १३(२) नंतर आलेला निघाला तर ७० पर्यंत जा. ऑर्डर नसेल तर रिझर्व्हच्या वर जाऊ नका, दुसरा लिलाव होऊ द्या, बिडर मिळाला नाही की रिझर्व्ह बऱ्याचदा कमी करतात आणि तोपर्यंत कलम १४ चंही काम पुढे सरकतं. भाडेकरू कर्जाच्या आधीचा आणि पावत्यांसकट असेल तर ईएमडी भरूच नका. आधी इंडेक्स टू काढा आणि बँकेला मेल टाका, दोन्ही कामं या आठवड्यात होतील.